थायलंडला जायचे तर

पूर्वी आपल्या भागातला माणूस लांब गेला म्हणजे काशीला गेला. आता तसे नाही. खताच्या दुकानदारांना कंपन्या बँकॉकला फिरवून आणतात. कुणाचा मुलगा आईबापांना विमानात बसवतो. मुंबईहून चार-साडेचार तासांत बँकॉक येते. एस. टी. ने कोल्हापूरहून मुंबईला जायला याहून जास्त वेळ लागतो! म्हणून या देशाची थोडी माहिती आम्ही इथे देत आहोत.

थायलंड म्हणजे जुना सयाम देश. तिथे राजा आहे आणि बहुतेक लोक बौद्ध आहेत. रामायण त्यांच्याकडेही आहे. त्याला ते रामाकियन म्हणतात. बँकॉकच्या विमानतळावर तर समुद्रमंथनाचा मोठा देखावा उभा आहे. देव एका बाजूला, दानव दुसऱ्या बाजूला. पाहून परकेपणा थोडा कमी होतो.

आता कागदांचे बघू. पासपोर्ट हातात आला की तो स्वतः वाचा. नाव, जन्मतारीख आणि मुदत कधी संपते ते पाहा. निघताना निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला जवळ बसवा आणि एकेक अक्षर ताडून पाहा. यात लाज कसली?

भारतीयांना थायलंडने २०२४ च्या जुलैपासून व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत दिली होती. पण असे नियम बदलतात. तिकीट काढण्याआधी मुंबईतल्या थाई वकिलातीकडून त्या दिवशीचा नियम विचारून घ्या. शिवाय १ मे २०२५ पासून प्रवेशाचा एक फॉर्म आधीच मोबाइलवर भरावा लागतो. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तो भरायचा. त्याला सरकारी फी नाही. उतरल्यावर अधिकारी पासपोर्टवर शिक्का मारतो. किती तारखेपर्यंत राहता येईल ते त्यावर असते. त्यापुढे राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड. बाट हे तिथले नाणे. एक बाट म्हणजे साधारण अडीच-तीन रुपये.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ‘ईसीआर’ अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. त्यांचा अर्थ नीट समजून घ्या. काही देशांत कामाला जायचे असेल तर अशा माणसाला आपल्या सरकारची आगाऊ परवानगी लागते. थायलंड त्या देशांपैकी एक आहे. नुसते फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. ही अक्षरे म्हणजे काही डाग नव्हे. शेताला कुंपण घालतात ना, तसे ते आहे.

आणि हे कुंपणच काही एजंट मोडायला लावतात. ‘आत्ता फिरायला म्हणून जा, तिथे काम लावून देतो, पगार भरपूर,’ असे सांगतात. माणूस बँकॉकला उतरला की मोटारीत घालून माए सोत या सरहद्दीवरच्या गावी नेतात. तिथून नदीपलीकडे म्यानमारमध्ये. मग पासपोर्ट काढून घेतात आणि कोंडून ठेवून टेलिफोनवर परक्या लोकांना फसवण्याचे काम करवून घेतात. नाही म्हटले तर मारहाण. २०२५ च्या मार्चमध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना सरकारने विमानदलाच्या विमानांनी परत आणले. तेव्हा फिरायला जायचे तर फिरायलाच जा. कामाला जायचे तर कामाचाच व्हिसा घेऊन, सरकारकडे नोंद असलेल्या एजंटामार्फत जा. गोड बोलणारा माणूस ओळखीचा असला तरी कागद मागा आणि मोठ्याने वाचून घ्या. (ही आमची मास्तरकीची सवय. पण मोठ्याने वाचले की खोट लवकर दिसते.)

हवा आपल्या कोकणासारखी, दमट. मे ते ऑक्टोबर पाऊस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरे दिवस. नळाचे पाणी पिऊ नका, बाटलीचे घ्या.

माळकऱ्यांनी जेवणात जपावे. नुसती भाजी दिसली तरी तिच्यात माशाचे पाणी घातलेले असते. त्याला ‘नाम प्ला’ म्हणतात. ‘जे’ असे लिहिलेली पिवळी पाटी असेल तिथे मांसमच्छी नसते. बँकॉकमध्ये पाहुरात भागात आपल्या लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या गुरुद्वारात लंगरही असतो.

पाकिटावर २५६८ साल दिसले तर घाबरू नका. ते बुद्धाचे साल आहे. त्यातून ५४३ वजा करा, म्हणजे आपले २०२५ निघते.

तिथेही लोक हात जोडून नमस्कार करतात. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, चपला बाहेर. मूर्तीकडे पाय करून बसू नये. कुणाच्या डोक्याला हात लावू नये, लेकराच्यासुद्धा. बायकांनी भिक्षूंना स्पर्श करू नये. राजाबद्दल वेडेवाकडे बोलणे हा तिथे मोठा गुन्हा आहे. १५ वर्षांपर्यंत कैद होते. विजेच्या सिगारेटीलाही बंदी आहे. आणि तंबाखूची पिंक रस्त्यावर टाकाल तर दंड भराल.

रिक्षाला तिथे टुकटुक म्हणतात. बसण्याआधी भाडे ठरवा. ‘आज देऊळ बंद आहे, चला दुसरीकडे नेतो,’ असे कुणी म्हणाले तर समजा की तो तुम्हाला खड्यांच्या दुकानात नेणार. देवळाच्या दारापर्यंत स्वतः जाऊन पाहा.

हॉटेलात उतरल्या उतरल्या त्यांचे थाई अक्षरांतले कार्ड मागून खिशात ठेवा. वाट चुकली तर ते कुणालाही दाखवता येते. प्रवाशांच्या मदतीचे पोलीस ११५५ या नंबरावर मिळतात, आजाऱ्यासाठी गाडी १६६९ वर. हे दोन आकडे कार्डाच्या पाठीमागे आपल्या हाताने लिहून ठेवा.