पूर ओसरल्यानंतरची बुरशी

पुराचे पाणी ओसरले, चिखल उपसून झाला आणि उंबरठा पुन्हा दिसू लागला, म्हणजे संकट टळले असे घरच्या माणसांना वाटते. परंतु पाण्याने मागे ठेवलेली ओल भिंतींत, लाकडात आणि गाद्यांच्या कापसात मुरलेली असते. थोड्याच दिवसांत घराला कुबट वास येऊ लागतो आणि कोपऱ्यांत काळे-हिरवे डाग उमटतात. ही बुरशी होय.

शिळ्या भाकरीवर किंवा लोणच्याच्या बरणीत दिसणारी बुरशी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सदैव तरंगत असतात. कोणतेही घर त्यांपासून मुक्त नसते. मात्र रुजण्यासाठी त्यांना अन्न व पाणी लागते. लाकूड, कागद, कापूस, कातडे, खळ, एवढेच नव्हे तर भिंतीवरील धूळदेखील त्यांचे अन्न होऊ शकते. हे अन्न घराबाहेर काढणे अशक्य आहे. म्हणून मनुष्याच्या हाती उरते ते केवळ पाण्याचे नियंत्रण. बीजाणू रुजला की त्यातून तंतू फुटतात, पाचक रस स्रवतात आणि विरघळलेले अन्न शोषून घेतात. डाग डोळ्यांना दिसू लागतो तोवर हे तंतू सच्छिद्र वस्तूंत खोलवर शिरलेले असतात. वरवर पुसून बुरशी जात नाही, त्याचे कारण हेच.

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ चक्रीवादळात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. असंख्य कुटुंबे कित्येक आठवड्यांनी परतली. ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञांनी तेथील घरे तपासली, तेव्हा शंभरांपैकी सुमारे ४६ घरांत बुरशी उघड दिसत होती व १७ घरांत ती फार पसरली होती. तेथील भिंती बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात आणि या तक्त्यांना दोन्ही बाजूंनी कागद असतो. भिजलेला कागद म्हणजे बुरशीला आयते अन्न! अनेक घरांच्या भिंती सांगाड्यापर्यंत सोलून काढाव्या लागल्या.

त्याच वर्षी २६ जुलै रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विटा-सिमेंटची भिंत स्वतः बुरशीचे अन्न नव्हे; परंतु प्लायवूडची कपाटे, गाद्या व पुस्तके येथेही असतात. शिवाय पावसाळ्यात हवाच दमट असल्याने वस्तू वाळण्यास विलंब लागतो.

दमट, बुरशीयुक्त घरांत राहणाऱ्यांना खोकला, श्वसनाचे विकार व दमा बळावण्याचा धोका अधिक असतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केला. मृत बीजाणूही अ‍ॅलर्जी उत्पन्न करू शकतात; म्हणून बुरशी केवळ मारून भागत नाही, ती काढून टाकावी लागते.

प्रथम जाणकाराकडून वीजजोडणी तपासून घ्यावी. भिजलेले सामान शक्यतो २४ ते ४८ तासांत वाळवावे. दारे-खिडक्या उघडून पंखे लावावेत. परंतु बुरशी पसरली असल्यास पंखा लावू नये, कारण त्याने बीजाणू घरभर उडतात. बुरशी लागलेल्या गाद्या व उशा टाकून द्याव्यात. फरशी, धातू व काच साबणाच्या पाण्याने घासून पूर्ण कोरडी करावी. हे काम करताना हातमोजे, चष्मा व नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट असावा. दमेकरी, तसेच प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींनी दूर राहावे. विरंजक द्रव वापरल्यास तो अमोनियात किंवा आम्लात कदापि मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

ग्रंथालयांत भिजलेली पुस्तके पाने मोकळी करून सावलीत वाळवावीत व पानांमध्ये टीपकागद घालावा. संख्या मोठी असल्यास ती गोठवून ठेवता येतात. थंडीने बुरशी मरत नाही, परंतु तिची वाढ थांबते आणि वाळवण्यास अवधी मिळतो.

रंग किंवा सफेदी भिंत पूर्ण वाळल्यावरच द्यावी. ओल्या भिंतीवरील नव्या रंगाचे काही काळाने पोपडे निघतात आणि त्यांखालून जुनाच डाग पुन्हा वर येतो.