आधी तार थंड होऊ द्या : तापमान-नियंत्रित व्हेपच्या दशकाचा मागोवा

२०१४ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या इव्हॉल्व्ह या कंपनीने डीएनए ४० नावाचा सर्किट बोर्ड बाजारात आणला. तोवर व्हेपमधला, म्हणजे इ-सिगारेटमधला, कापूस करपू न देण्याची जबाबदारी ओढणाऱ्याच्या जिभेवर आणि घशावर होती. चव बिघडली, घशाला चटका बसला, की बटण सोडायचं. तार ठरवलेल्या तापमानाला पोचली की वीज आपोआप कमी करायची, ही सोय बाजारात रुजवली ती या बोर्डाने. त्याला आता दशक उलटून गेलं. या काळात ही यंत्रं कुठे चुकली आणि वापरणाऱ्यांनी ती कशी जुळवून घेतली, हे क्रमाने पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. बहुतेक तक्रारींचं मूळ एकाच आकड्यात होतं. तार थंड असताना तिचा विद्युतरोध किती, हा तो आकडा.

भारतात ही उपकरणं २०१९पासून कायद्याने बंद आहेत आणि ती बंदी मला योग्य वाटते. तरीही हा इतिहास मराठीत नोंदवावासा वाटतो, कारण त्यात मोजमापाचा एक मोठा धडा आहे. सामान्य ग्राहकांनी इतक्या मोठ्या संख्येने ओहमच्या शंभराव्या भागाची काळजी केल्याची उदाहरणं फार नाहीत.

आधीची परिस्थिती अशी होती. चीनमधले औषधनिर्माते हॉन लिक यांनी २००३च्या सुमारास आजच्या इ-सिगारेटचं मूळ रूप घडवलं. पुढे तापती तार, तिला लागून कापसाची वात आणि वातीत भिजलेला द्रव ही रचना स्थिरावली. तार बहुधा कॅन्थलची असे. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा हा स्वीडिश मिश्रधातू भट्ट्या आणि हीटर यांसाठी नावाजलेला, कारण तापला तरी त्याचा रोध जवळजवळ बदलत नाही. हीटरसाठी हा गुण उत्तम. पण त्यामुळेच तार किती तापली आहे हे विजेच्या बाजूने कळायला काही मार्ग उरत नव्हता. वापरणारा वॅट ठरवायचा आणि यंत्र तेवढे वॅट ओतत राहायचं, वात ओली असो की कोरडी.

वात ओली असेपर्यंत निभावतं. द्रवातलं प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. वाफ होताना द्रव उष्णता खेचून घेतो, म्हणून तार एका मर्यादेत राहते. द्रव संपला की उष्णतेला जायला वाट उरत नाही, तापमान क्षणात उसळतं आणि कापूस करपतो. जानेवारी २०१५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने पोर्टलंड स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचं एक पत्र छापलं. ३.३ व्होल्टवर न सापडलेली, फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं त्यांना ५ व्होल्टवर सापडली होती. त्याच वर्षी ग्रीक संशोधक कॉन्स्टान्टिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा पदार्थांचं मोठं प्रमाण कोरड्या, करपलेल्या झुरक्यातच आढळतं आणि तो झुरका ओढणाऱ्याला सहन होत नाही. दोन्ही बाजूंचा वाद जोरात चालला, पण त्या वादाच्या मुळाशी तापमानच होतं.

इव्हॉल्व्हने उत्तर शोधलं ते तारेचा धातू बदलून. निकेल २०० या जवळजवळ शुद्ध निकेलचा रोध दर अंशामागे सुमारे ०.६ टक्के वाढतो. २० अंशांना ०.१० ओहम असलेली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, २२० अंशांना ०.२२ ओहमची होते. यंत्राने सतत रोध मोजत राहायचं आणि त्यावरून तापमान काढायचं. वेगळा तापमापक लागत नाही, कारण तापणारी तारच तापमापक होते. तत्त्व जुनंच आहे. विल्यम सीमेन्स यांनी १८७१मध्ये प्लॅटिनमच्या तारेने तापमान मोजण्याची कल्पना मांडली आणि ह्यू कॅलेंडर यांनी त्या शतकाच्या अखेरीस ती भरवशाची केली. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत, डेअऱ्यांत आणि औषधनिर्मितीच्या टाक्यांवर पीटी१०० नावाचे जे संवेदक बसवलेले असतात, ते याच घराण्यातले: शून्य अंशाला १०० ओहम, शंभर अंशांना १३८.५.

फरक होता तो जोडणीत. कारखान्यात संवेदकापर्यंत तीन किंवा चार तारा नेतात, म्हणजे जोडतारांचा स्वतःचा रोध हिशोबातून वजा करता येतो. व्हेपमध्ये द्रव आणि कॉइल असलेला टँक आणि यंत्र यांच्यामध्ये असतो ५१० नावाचा आट्यांचा सांधा आणि त्यात दोनच संपर्कबिंदू. मोजायचा रोध ०.१० ओहम आणि सांध्यात तेल, मळ किंवा सैल स्क्रू. पहिल्या वर्षभरातल्या तक्रारी बघितल्या तर त्यांतल्या कितीतरी इथेच येऊन थांबतात. संपर्कात ०.०१ ओहमची भर पडली तर निकेलच्या त्या कॉइलवर यंत्र सुमारे १७ अंशांनी फसतं. तार पुरेशी तापली असं समजून ते आधीच हात आखडतं घेतं आणि वाफ फिकी पडते. निकेल मऊ असल्यामुळे स्क्रूखालची तार दोन-चार दिवसांत दबून पुन्हा सैल व्हायची. वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतील तर वीज आडवाटेने जायची आणि रोध वर-खाली उड्या मारायचा. म्हणून निकेलची कॉइल अंतर ठेवून गुंडाळायची आणि कोरडी असताना लाल होईपर्यंत तापवायची नाही, हे दोन नियम लवकरच सर्वमान्य झाले.

त्याहून घातक चूक होती गरम कॉइलवर मोजणी घेण्याची. नवी कॉइल लावली की डीएनए ४० विचारायचा: कॉइल नवी आहे की जुनीच? नवी म्हटलं की त्या क्षणीचा रोध हा खोलीच्या तापमानाचा रोध म्हणून नोंदला जाई. नुकताच वापरलेला टँक काढून परत लावला आणि घाईत ‘नवी’ म्हटलं, तर काय होतं? कॉइल ६० अंशांवर असेल तर तिचा रोध ०.१२४ ओहम असतो. यंत्र ते २० अंशांचं माप धरतं. मग २२० अंशांची मर्यादा लावली की ते ०.२७३ ओहमपर्यंत वीज देत राहतं आणि तार प्रत्यक्षात ३०८ अंशांना पोचते. सुरुवातीची चाळीस अंशांची चूक शेवटी अठ्ठ्याऐंशी अंशांची होते. दांडीचे दोन हात असमान असलेल्या तराजूत जितकं जास्त तोलावं तितकं माप जास्त खोटं ठरतं, तसंच हे. पडद्यावर मात्र २२०च दिसत राहतं. त्यामुळे अनुभवी लोकांनी नवख्यांना पहिला सल्ला नेहमी हाच दिला: आधी तार थंड होऊ द्या, मग मोजा आणि मग तो आकडा कुलूपबंद करा.

२०१५मध्ये शेन्झेनच्या कंपन्या उतरल्या. यीहीचा एसएक्स३५०जे, जॉयटेकचा ईव्हिक-व्हीटी, आणि मग स्वस्त यंत्रांची रांग. निकेलपाठोपाठ टायटॅनियम आलं, त्याच्या मागून ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील. टायटॅनियमचा रोध अंशामागे सुमारे ०.३५ टक्के वाढतो, स्टीलचा जेमतेम ०.०९ टक्के. तरी बाजार मारला तो स्टीलने. ते कडक, गुंडाळायला सोपं आणि साध्या वॅट पद्धतीतही चालणारं. निकेलच्या ॲलर्जीची किंवा लाल तापलेल्या टायटॅनियमवर साचणाऱ्या पांढऱ्या ऑक्साइडची धास्तीही त्यात कमी. किंमत मोजावी लागली ती अचूकतेत. ०.५० ओहमची स्टीलची कॉइल २२० अंशांना ०.५९ होते, म्हणजे सगळा खेळ नऊ शतांश ओहमचा. त्यातला एक शतांश सांध्यात हरवला की यंत्र २२ अंशांनी चुकलं.

धातूंची संख्या वाढली तशी चुकीचा धातू निवडण्याची शक्यताही वाढली, आणि ती चूक सर्वांत धोक्याची ठरली. स्टीलची कॉइल लावून यंत्रावर निकेल निवडलं की यंत्र रोध सव्वादोन पट होण्याची वाट बघत बसतं. स्टीलच्या बाबतीत ते १३०० अंशांच्या वर गेल्याखेरीज घडत नाही. संरक्षण नावापुरतं उरतं, तार लालबुंद होते, कापूस जळतो. उलट निकेलच्या कॉइलवर स्टील निवडलं तर यंत्र पन्नास अंशांच्या आसपासच थांबतं आणि वाफच येत नाही. दुसऱ्या चुकीत माणूस वैतागतो, पहिलीत भाजतो. वाफ येत नाही म्हणून मर्यादा वाढवत नेण्याआधी निवडलेला धातू तपासा, हा सल्ला म्हणूनच रास्त होता.

या काळात दुरुस्तीचा एक पक्का क्रम तयार झाला. टँक थंड होऊ द्यायचा, सांधा पुसायचा, स्क्रू आवळायचे, रोध स्थिर दिसतो का हे पाहायचं, धातू तपासायचा, आकडा नोंदवायचा. मग २०० अंशांपासून सुरुवात करून पाच-दहा अंशांनी वर जायचं. वॅटचा आकडा इथे फक्त तार किती लवकर तापेल हे ठरवतो, किती तापेल हे नाही. कित्येकांचा गोंधळ याच एका मुद्द्यावर होत असे. खात्रीसाठी कोऱ्या कापसाची चाचणी होती. कॉइलमध्ये कोरडा कापूस घालून थोडं थोडं तापवायचं. दोनशे अंशांवर तो पांढरा राहिला आणि त्याच्या बरंच वर नेल्यावर तपकिरी पडू लागला, तर यंत्राचं म्हणणं साधारण खरं मानायचं. कुठल्याही उपकरणाविना घरच्या घरी करता येईल अशी ही पडताळणी आहे, आणि या दशकातली मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच.

२०१५मध्येच इव्हॉल्व्हच्या डीएनए २००सोबत एस्क्राइब हे संगणकीय साधन आलं. यंत्र संगणकाला जोडलं की प्रत्येक झुरक्यातला रोध, वीज आणि तापमान यांचा आलेख समोर उमटायचा. सैल स्क्रू आलेखावर दातेरी रेघेसारखा दिसे. यंत्राचा स्वतःचा, काही सहस्रांश ओहमचा अंतर्गत रोधही नोंदवून वजा करता येऊ लागला. कारखान्यातल्या चार तारांचं काम इथे एका आकड्याने भागवलं. २०१६च्या सुमारास हौशी प्रोग्रामरांनी जॉयटेकच्या यंत्रांसाठी मायइव्हिक आणि आर्क्टिकफॉक्स ही पर्यायी फर्मवेअर लिहिली. त्यांत वीज किती झपाट्याने कमी करायची हे ठरवणारे, औद्योगिक नियंत्रकांत असतात तसे गुणांकही ग्राहकाच्या हाती आले. २०१८च्या सुमारास इव्हॉल्व्हने रिप्ले आणलं: आवडलेला एक झुरका साठवायचा आणि पुढे यंत्राने तोच पुन्हा घडवायचा. अंशांचा आकडा ग्राहकासमोरून बाजूला सरकला.

तोवर बाजाराचा रोख पालटला होता. मे २०१६पासून युरोपीय संघात टँक २ मिलिलिटरचा आणि निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत असे निर्बंध आले. ८ ऑगस्ट २०१६पासून अमेरिकेत नव्या उपकरणाला विक्रीआधी परवानगी लागू झाली. २०१५मध्ये आलेल्या ज्यूलसारख्या, ग्राहकाला उघडता न येणाऱ्या बंद यंत्रांनी आणि नंतर वापरून फेकायच्या यंत्रांनी बाजार व्यापला. बंद यंत्रातही तापमानाची मर्यादा असू शकते, पण ती खरी आहे का हे तपासायची सोय ग्राहकाला उरली नाही.

२०१९ने तापमान-नियंत्रणाची हद्द दाखवली. अमेरिकेत व्हेपशी जोडलेल्या फुप्फुसांच्या तीव्र आजाराने फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात गेले किंवा दगावले. त्यांतले ६८ मृत्यू निश्चित झाले. तपासात मुख्य संशय गांज्यातल्या टीएचसीच्या द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर स्थिरावला. तार कितीही अचूक तापवली तरी द्रवातच विष असेल तर यंत्र काय करणार? निकोटीनचं व्यसनही कुठल्याच तापमानाला सुटत नाही. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला भारत सरकारने अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या समाजात तंबाखूने इतकी घरं पोखरली आहेत, तिथे व्यसनाचं आणखी एक दार उघडू नये, असंच मला वाटतं.

मग या दशकातून घ्यायचं काय? व्हेप वापरावं, हे नक्कीच नाही. घ्यायची ती या वापरकर्त्यांची सवय. पडद्यावरच्या आकड्यामागे कुठलं माप शून्य धरलं आहे, हे त्यांनी विचारलं आणि ते तपासायचे मार्ग शोधले. आज आपल्या घरांत रक्तदाब, साखर, ऑक्सिजन मोजणारी यंत्रं आली आहेत आणि त्यांच्या आकड्यांवर माणसं औषधं कमी-जास्त करतात. आकडा दाखवणाऱ्या प्रत्येक यंत्राची पडताळणी घरच्या घरी करता आली पाहिजे, तिची रीत पुस्तिकेत सोप्या मराठीत छापलेली असली पाहिजे, आणि ती नसेल तर ग्राहकाने दुकानातच मागितली पाहिजे.