चित्रकथांतले अब्बा कुठे आहेत?

मुलाच्या हाती चित्रकथा, म्हणजे कॉमिक्स दिसले की घरात दोन उद्गार ऐकू येतात. एक, 'अभ्यास सोडून हे काय घेऊन बसलास?' आणि दुसरा, 'असू द्या, निदान मोबाइल तरी नाही.' त्या चौकटींत आहे तरी काय, हे मात्र दोघांपैकी कुणीच पाहत नाही. आम्ही बार्शीत मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. मुले काय वाचतात हे जवळून दिसते. म्हणून एक प्रश्न मनात ठेवून आम्ही काही चित्रकथा पुन्हा चाळल्या. या चित्रांत बाप कसा आहे आणि लेकराचे त्याच्याशी नाते कसे आहे?

बाप गेल्यावर सुरू होणारी गोष्ट

परदेशी नायकांपासून सुरुवात करू, कारण मुलांच्या दप्तरांवर आणि टी-शर्टांवर तेच आहेत. बॅटमॅनचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले जातात. स्पायडरमॅनला चुलते-चुलती वाढवतात आणि त्याने ज्या चोराला जाऊ दिले, तोच पुढे चुलत्याचा खून करतो. सुपरमॅनचा जन्मदाता बाळाला दुसऱ्या ग्रहावर पाठवतो आणि स्वतः नष्ट होतो. एक शेतकरी जोडपे त्याला वाढवते. तिघांच्या कथेत बापाची जागा रिकामी होते, तेव्हाच मुलाच्या पराक्रमाला सुरुवात होते.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना 'वेताळ' आठवत असेल. १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने ली फॉकचा हा नायक मराठीतही आणला. एक वेताळ मरतो, त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि लोकांना वाटते, हा अमर आहे. त्यात एक गोष्ट सुरेख आहे. प्रत्येक वेताळ आपल्या आयुष्याची हकिगत वहीत लिहून कवटीच्या गुहेत ठेवतो आणि पुढचा वेताळ त्या वह्या वाचतो. बापाने मुलासाठी शस्त्रांबरोबर स्वतःचे शब्दही ठेवले आहेत. आपल्यापैकी किती वडिलांनी मुलासाठी असे एखादे पान लिहिले असेल?

रोजच्या घरातला बाप

पराक्रमाच्या कथांतून बाहेर आले की घर भेटते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाला. चिंटूला आई आहे, पप्पा आहेत, मित्र आहेत, खोड्या आहेत. त्याचे पप्पा जगाला वाचवत नाहीत. ते चिडतात, हसतात आणि मुलाच्या प्रश्नापुढे कधी निरुत्तर होतात. पण ते घरात आहेत. लाखो मराठी घरांनी सकाळच्या चहाबरोबर हे नाते पाहिले, ते त्यात आपलेच घर दिसले म्हणून.

बापलेकाची आणखी एक चित्रमालिका आम्हाला फार आवडते. ती जर्मनीची आहे. एरिश ओझर या चित्रकाराने १९३४ ते १९३७ या काळात ती काढली. नाझी राजवटीवर टीका करणारी व्यंगचित्रे काढल्यामुळे त्यांना काम करण्याची बंदी होती, म्हणून त्यांनी ई. ओ. प्लाउएन हे टोपणनाव घेतले. मालिकेचे नावच 'बाप आणि मुलगा'. टक्कल पडलेला, जाड मिशांचा बाप आणि विस्कटलेल्या केसांचा मुलगा. चित्रांत संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे उर्दू वाचणाऱ्यालाही कळतात आणि मराठी वाचणाऱ्यालाही.

त्यातली एक गोष्ट अशी. जेवण तयार आहे, पण मुलगा जमिनीवर पालथा पडून पुस्तकात गुंग आहे. बाप त्याला उठवायला जातो. मुलगा येऊन जेवायला बसतो, पण आता बापाचा पत्ता नाही. मुलगा शोधायला जातो, तर बाप त्याच जागी पालथा पडून तेच पुस्तक वाचतोय. ओझर यांना १९४४ मध्ये नाझींविरुद्ध बोलल्याबद्दल अटक झाली आणि खटल्याआधीच कोठडीत त्यांचा अंत झाला. त्यांनी काढलेला बाप मात्र आजही मुलांना हसवतो.

आमच्या वर्गातल्या चार चौकटी

मराठी चित्रकथांत मुस्लिम घर आम्हाला क्वचितच दिसले. अब्बा-अम्मी म्हणणारे मूल, इफ्तारची घाई, ईदच्या कपड्यांसाठीचा हट्ट या चौकटी कुणी काढायच्या? आम्ही त्या मुलांनाच काढायला सांगितल्या. विषय दिला, 'मी आणि अब्बा, किंवा घरातले कुणी मोठे'. सगळ्यांचे वालिद हयात नसतात, म्हणून पुढचे शब्द मुद्दाम जोडले. एका मुलाने मामूंना काढले, आणि फार प्रेमाने काढले.

बाकीच्या चित्रांत अब्बा बऱ्याचदा पाठमोरे होते. मोटारसायकलवर बसून निघालेले. भल्या सकाळी भुसार बाजाराकडे चाललेले. कुणाचे अब्बा सौदीत, म्हणून ते मोबाइलच्या पडद्यात होते. एका चित्रात अब्बांचा फक्त हात होता, प्रगतिपुस्तकावर सही करणारा. आणि एकात अब्बा शिलाई मशीनवर बसले होते, शेजारी मुलगा बटणे निवडत होता आणि दोघेही हसत होते.

ही चित्रे म्हणजे वडिलांविरुद्धची तक्रार नव्हे. जे पाठमोरे दिसतात, ते हलाल रोजीसाठीच घराबाहेर पडलेले आहेत. पण मूल जे पाहते तेच काढते. मशीनवरच्या अब्बांनाही कामातून फुरसत नव्हती. त्यांनी मुलाला कामाशेजारी बसवले, एवढाच फरक.

ऐकणारे अब्बा

मुलींच्या बाबतीतही हेच. अमेरिकेत २०१४ मध्ये 'मिस मार्व्हल' ही नवी मालिका सुरू झाली. नायिका कमला खान, पाकिस्तानी मुस्लिम कुटुंबातली मुलगी. लेखिका जी. विलो विल्सन स्वतः मुस्लिम आहेत. कमलाचे अब्बा युसूफ बँकेत नोकरी करतात. ते तिला रात्रीच्या पार्टीला जाऊ देत नाहीत, ती लपून जाते आणि घरात वाद होतो. पण पुढे हेच अब्बा तिला जवळ बसवून तिच्या नावाचा अर्थ सांगतात. तू आहेस तशीच आम्हाला प्रिय आहेस, कुणासारखे व्हायची गरज नाही, असे समजावतात. 'नाही' म्हणणारे आणि नंतर जवळ घेणारे अब्बा एकच आहेत. नायिकेकडे अद्भुत शक्ती आहे, तरी तिला घराचा आधार लागतो.

मग घरी काय करावे?

आठवड्यातून एकदा तरी मुलाच्या हातातली चित्रकथा आपण वाचावी आणि विचारावे, 'या मुलाच्या अब्बांनी इथे काय करायला हवे होते?' उत्तर ऐकताना मध्ये बोलू नये. सुट्टीच्या दिवशी मुलाला चार चौकटी आखून द्याव्यात. चित्रांबद्दल घराघरांत वेगवेगळी मते आहेत. ज्यांना चित्रे नको, त्यांनी त्याच चौकटींत चार वाक्ये लिहवून घ्यावीत. अब्बा परगावी किंवा परदेशी असतील तर त्यांनी एक चौकट तिकडून लिहून पाठवावी, म्हणजे आज मी काय काम केले, काय खाल्ले, तुझी आठवण कधी आली.

कुरआनात हजरत लुकमान आपल्या मुलाला नसीहत करतात, ती लाडाने हाक मारून. तरबियतीची सुरुवात अशा हाकेने होते. येत्या रविवारी मुलाला अशीच हाक मारा, शेजारी बसवा आणि विचारा, 'बेटा, माझे चित्र काढशील?' जे काढेल ते रागावू नका, नीट पाहा.