हीट पंपाचे कारखाने

हीट पंप म्हणजे उलट्या दिशेने चालवलेला एसी. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतली, जमिनीतली किंवा पाण्यातली उष्णता ओढून घरात आणतो. उष्णता निर्माण करायची नसते, नुसती हलवायची असते. म्हणून एक युनिट विजेवर तीन-चार युनिट उष्णता मिळते. ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्ये मांडली. १९३८ मध्ये झुरिचच्या नगरभवनात लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसला.

एसीशी असलेल्या या नात्यामुळे हीट पंपाच्या धंद्यात दोन वेगळ्या घराण्यांची गाठ पडली. एकीकडे व्हीसमान, व्हायलांट, बॉश या युरोपातल्या बॉयलर कंपन्या. घराघरांत पोचलेले प्लंबर आणि गरम पाण्याच्या नळजोडणीचे ज्ञान ही त्यांची जमेची बाजू. दुसरीकडे डायकिन, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, मिडिया, ग्री या आशियातल्या एसी कंपन्या. त्यांच्या हाती वायू दाबणारा कॉम्प्रेसर आहे, आणि हीट पंपाची खरी किंमत कॉम्प्रेसरमध्येच आहे.

स्क्रोल कॉम्प्रेसरचेच पाहा. दोन सर्पिल पाती एकमेकांत गुंतलेली असतात. एक स्थिर, दुसरे त्याच्याभोवती फिरते आणि मधला वायू दाबत दाबत केंद्राकडे नेते. फ्रेंच अभियंता लेओं क्र्यू यांनी १९०५ मध्येच याचे पेटंट घेतले होते. पण पाती इतकी तंतोतंत कापणारी यंत्रे तेव्हा नव्हती. अमेरिकेतल्या कोपलँड कंपनीने हा कॉम्प्रेसर बाजारात आणला तो १९८७ मध्ये. नुसत्या आराखड्यावर उद्योग उभा राहत नाही, तो मशीन शॉपच्या अचूकतेवर उभा राहतो, याचा याहून स्पष्ट दाखला सापडणे कठीण.

बाकीचे काम जुळणीचे. तांब्याच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांत बसवून कॉइल तयार होते, सांधे ब्रेझिंगने जोडले जातात, हेलियम सोडून गळती तपासतात, आतली हवा ओढून घेऊन मग उष्णता वाहून नेणारा गॅस भरतात. आता हा गॅसही बदलतो आहे. आर-४१०ए हा वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पटींहून प्रभावी असल्याने युरोपात तो मागे पडला आणि प्रोपेन पुढे आला. प्रोपेन पेट घेतो. त्यामुळे गॅस भरण्याच्या जागी गळती ओळखणारी उपकरणे आणि जोरदार वायुवीजन लागते. यंत्राची रचनाही अशी करतात की प्रोपेन घराबाहेरच्या पेटीतच राहतो आणि आत येते ते फक्त गरम पाणी.

युक्रेन युद्धानंतर घरे तापवायला लागणारा रशियन गॅस महागला आणि २०२२ मध्ये युरोपात सुमारे ३० लाख हीट पंप विकले गेले. व्हायलांटने स्लोव्हाकियातल्या सेनित्सा येथे, डायकिनने पोलंडमधल्या वूज येथे कारखाने काढले. एप्रिल २०२३ मध्ये व्हीसमानने आपला हीटिंगचा मुख्य व्यवसाय अमेरिकेच्या कॅरियरला १२ अब्ज युरोंना विकत असल्याचे जाहीर केले. एसी कंपन्यांच्या आकारापुढे एका कुटुंबाच्या कंपनीने एकटीने टिकणे अवघड, हा त्यामागचा हिशोब होता. मग लाट ओसरली. जर्मनीत २०२३ मध्ये ३ लाख ५६ हजार पंप विकले गेले होते. २०२४ मध्ये तो आकडा १ लाख ९३ हजारांवर आला. अनुदानाचे नियम बदलत राहिले, वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग राहिली आणि गिऱ्हाईक थांबले. सरकारी धरसोडीची किंमत नव्या कारखान्यांतल्या कामगारांना मोजावी लागली.

भारतात घर उबदार ठेवण्याची गरज मोजक्या थंड प्रदेशांपुरतीच आहे. इथे मागणी येते ती गरम पाणी सतत लागणारी हॉटेले, रुग्णालये आणि दूध, कापड यांसारखे उद्योग यांच्याकडून. पुण्याची थरमॅक्स उद्योगांसाठी मोठे हीट पंप बनवते. त्यातला एक प्रकार कॉम्प्रेसरऐवजी वाफेवर किंवा अन्य उष्णतेवर चालतो आणि कारखान्यात एरवी वाया जाणारी कोमट पाण्यातली उष्णता पुन्हा कामाला लावतो.