तेरेखोलच्या दोन्ही काठांची रापण

गोव्याच्या नकाशात तेरेखोल हे गाव त्याच नावाच्या नदीपलीकडे राहून गेल्यासारखे दिसते. भोवताली सगळा सिंधुदुर्ग, पण तालुका पेडणे. केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडून तिथे जायचे. सावंतवाडीकर भोसल्यांचा तिथला किल्ला 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतला आणि सरहद्द नदीपलीकडे गेली ती तिथेच राहिली. किनाऱ्यावरच्या माणसांना मात्र या सरहद्दीला कधी तोडता आले नाही. गाबीत वस्ती मालवण-वेंगुर्ल्यापासून पेडण्यापर्यंत आणि पुढे कारवारपर्यंत पसरलेली आहे, आणि या साऱ्या किनाऱ्याचे जुने जाळेही एकच: रापण.

होडी जाळे घेऊन निघते, मासळीच्या थव्याला वळसा घालते आणि थोड्या अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून माणसे वाळूत पाय रोवतात आणि जाळे ओढत आणतात. हे एका घराचे काम नाही, म्हणून मासळीही एका घराची नसते. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या हातांचा वाटा ठरलेला असतो. जुन्या रापणीच्या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. लाटेने वाळूवर आपटली तरी अशी होडी लवते, फुटत नाही. आणि रापण मासळीचा पाठलाग करत नाही. बांगडा, तारली किनाऱ्याजवळ आली तरच तिला मिळणार. समुद्र उपसून काढणे या जाळ्याला जमतच नाही, हाच तिचा सर्वांत मोठा गुण.

साठच्या दशकापासून सरकारी मदतीने ट्रॉलर आले, पाठोपाठ पर्ससीन जाळी आली. किनाऱ्याला लागणारे थवे वाटेतच उचलले जाऊ लागले आणि रापणकार उठले. गोव्यात माथानी साल्ढाणा या शिक्षकाने त्यांना एकत्र आणले. ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ उभा राहिला. किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक नौकांना बंद करा, ही मुख्य मागणी. आपले भांडण एकट्या गोव्याचे नाही हे त्यांनी लवकर ओळखले. 1978 मध्ये देशभरच्या पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच स्थापन झाला, त्यात साल्ढाणा अग्रभागी होते. 1980 मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला, 1981 मध्ये महाराष्ट्राचा. नोव्हेंबर 1997 मध्ये अनेक देशांचे मच्छीमार दिल्लीत जमले आणि त्यांनी जागतिक मंच स्थापला. 21 नोव्हेंबरचा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन त्याच मेळाव्याची आठवण आहे. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत लघु मच्छीमारांच्या हक्कांची मार्गदर्शक तत्त्वे संमत झाली. त्यामागे याच संघटनांचा रेटा होता. ती ऐच्छिक आहेत, तरी जगाने ती मान्य केली, ही रापणकारांची मोठी कमाई.

आता तेरेखोलच्या मुखाशी या. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत मासेमारीचे नियमन राज्याच्या हाती असते. म्हणजे या मुखासमोर मासळी एका कायद्यातून दुसऱ्यात पोहत जाते. मालवणचे मच्छीमार वर्षानुवर्षे परराज्यातील वेगवान ट्रॉलरांविरुद्ध झगडत आहेत, त्यात गोव्याचेही ट्रॉलर येतात. प्रखर दिव्यांच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. पण गोव्याच्या रापणकाराची तक्रार तरी वेगळी कुठे आहे? याला गोवा विरुद्ध महाराष्ट्र म्हणणे मला चुकीचे वाटते. दोन्हीकडे पारंपरिक मच्छीमारच मत्स्यदुष्काळ सोसतो आहे.

एकत्र बसता येते, याचा पुरावा डिचोली आणि पेडण्याच्या शेतात आहे. तिळारी धरण दोन्ही राज्यांनी मिळून बांधले. दोडामार्गातले ते पाणी कालव्यांनी डिचोली, पेडणे, बार्देशात पोचते. तीच तिळारी नदी गोव्यात उतरून शापोरा होते, आगरवाड्याच्या मिठागरांजवळून जाते आणि समुद्राला मिळते. धरणाच्या पाण्याचे वाटे दोन राज्यांना ठरवता आले, मग पुढच्या समुद्राचे काय? त्याचा काठही दोन्हीकडे सारखाच आहे. मोरजी, मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तशीच वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही. शिरोड्याची मिठागरे आणि आगरवाड्याची मिठागरे एकाच विद्येची आहेत.

दोन्ही राज्यांच्या मत्स्य खात्यांनी तेरेखोल ते शापोरा या पट्ट्यासाठी कायमची संयुक्त समिती नेमावी. तीत रापणीचे तांडेल आणि मासळी विकणाऱ्या बायका असाव्यात, केवळ अधिकारी नकोत. गस्तीचे वेळापत्रक, कासवांचे किनारे, शिवलेल्या होडीची विद्या जाणणाऱ्या हातांची नोंद, एवढे काम तिच्यापुढे पहिल्याच वर्षी आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ट्रॉलर नांगरलेले असतात, रापणीच्या होड्या मांगरात असतात. पहिली बैठक त्याच 61 दिवसांत, केरी किंवा नदीपलीकडच्या आरोंद्याला घ्यावी.