पाव, पाऊण, सव्वा : स्वयंपाकघरातील अपूर्णांक

प्राथमिक शाळेत अपूर्णांक शिकवताना बहुधा वर्तुळाचे किंवा पोळीचे चित्र काढून त्याचे सारखे भाग रंगवून घेतले जातात. त्यातून मूल भाग मोजायला शिकते, परंतु 'पाव' ही स्वतःच एक राशी आहे, तिने भांडे भरता येते आणि ती दुसऱ्या राशीत मिळवता येते, हे त्याच्या ध्यानात येतेच असे नाही. छेद, म्हणजे पूर्ण वस्तूचे किती समान भाग केले हे सांगणारी खालची संख्या, मोठा झाला की भाग लहान होतो, हे पाठ असूनही एक चतुर्थांश हा अर्ध्यापेक्षा मोठा असल्याचे उत्तर मुले देत राहतात, कारण चार दोनापेक्षा मोठे ही पूर्ण संख्यांची सवय आधीच पक्की झालेली असते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अपूर्णांकविषयक संशोधनात समान वाटणी आणि मापन या दोन अर्थांची सांगड घालण्यावर भर दिलेला आढळतो, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत या दोन्ही गोष्टी ओट्यापाशी रोजच घडत असतात.

आरंभी गॅस पेटवण्याची गरज नसते. परात, कोरडा रवा आणि दोन सारख्या वाट्या पुरतात. मुलाला अंदाजाने अर्धी वाटी भरायला सांगितले की ते वाटीच्या उंचीच्या मध्यावर थांबते, पण तसा रवा दोनदा दुसऱ्या वाटीत ओतूनही ती काठापर्यंत भरत नाही. वाटी वर पसरट होत जाते, म्हणून तिच्या अर्ध्या उंचीत अर्ध्याहून कमी रवा मावतो. अर्धे कशाचे, उंचीचे की आकारमानाचे, हा प्रश्न येथे मूल आपण होऊन विचारते, आणि या एका प्रश्नाचे मोल रंगवलेल्या अनेक वर्तुळांहून अधिक आहे. त्यानंतर सरळ भिंतीच्या डब्याला कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर पाव, अर्धा आणि पाऊण या खुणा करून घेतल्या, की ती पट्टीच उभी संख्यारेषा होते. अशा हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवणे नवे नाही. मोंटेसोरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले आणि बियांतून शिकवण्याची वाट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला चोखाळली. ही दोन्ही गावे तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती.

यापुढची पायरी सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ही होय, कारण त्यात रवा, साखर आणि तूप सव्वाच्या मापाने घेण्याची रूढी आहे. पाव वाटीचे माप चार वेळा भरून एक वाटी होते आणि पाचव्यांदा भरले की सव्वा होते, म्हणजे पाच चतुर्थांश. ज्याचा अंश छेदाहून मोठा असतो अशा या अपूर्णांकाला पाठ्यपुस्तक अंशाधिक अपूर्णांक म्हणते, आणि अपूर्णांक एकाहून लहानच असला पाहिजे हा बालसमज येथे सहज गळून पडतो. मोठ्या मुलांसाठी सव्वा पाव घ्यावा. पावाचे पुन्हा चार भाग करून त्यातला एक पावात मिळवायचा, म्हणजे एकूण पाच सोळांश. जुन्या शेराच्या हिशेबात ही पाच छटाके होतात, कारण शेराची छटाके सोळा. शेर आणि सोळा आण्यांचा रुपया या दोन्ही व्यवस्था निम्म्याचे निम्मे करत जाणाऱ्या होत्या, आणि पावकी, दिडकी, अडीचकी यांसारखे पाढे त्यांच्याच सोयीसाठी पाठ केले जात. या साखळीत तृतीयांश कोठेच बसत नाही, त्यामुळे तीन भावंडांत एक भाकरी वाटणे हे वेगळे आणि अधिक अवघड काम ठरते. ते घाईने उरकू नये.

किलोच्या भाषेत सव्वा पाव म्हणजे ३१२.५ ग्रॅम. ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या दुकानात गिऱ्हाईक पाव किलो मागते आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५० उमटते, पाऊण मागितले तर ०.७५०, अपूर्णांक आणि दशांश ही एकाच राशीची दोन लेखने आहेत हे तेथे उभ्या उभ्या दिसते. मात्र पाच-पाच ग्रॅमनी वाढणारा काटा ३१२.५ दाखवू शकत नाही, तो ३१० किंवा ३१५ दाखवतो, आणि प्रत्येक मापनाला साधनाची मर्यादा असते हे शिक्षकाने याच वेळी सांगितले पाहिजे.

प्रमाण शिकवण्यासाठी महापालिकेच्या शाळांत उत्तम सामग्री आधीच आहे. शालेय पोषण आहाराच्या निकषांत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले आहे, तर सहावी ते आठवीसाठी अनुक्रमे १५०, ३०, ७५ आणि ७.५ ग्रॅम, चारही जिन्नस नेमके दीडपट होतात, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. येथे एक अडचण येते आणि ती टाळू नये. पाच ग्रॅम तेल म्हणजे पाच मिलिलिटरचा एक चमचा असे मुले धरून चालतात, परंतु घरी येणाऱ्या एक लिटर तेलाच्या पिशवीवर वजन ९१० ग्रॅमच्या आसपास छापलेले असते, म्हणजे त्या चमच्यात साधारण साडेचार ग्रॅमच तेल मावते. एका ताटापुरता हा फरक जाणवत नाही. शंभर मुलांसाठी शंभर चमचे मोजले, तर कढईत ५०० ऐवजी सुमारे ४५५ ग्रॅम तेल पडते, आणि आणखी किती चमचे हवेत हे पाचवीच्या मुलांना पिशवी हातात घेऊन काढता येते.