गिरणगावचा इतिहास : मौखिक व दप्तरी साधने

गिरणगाव हे मुंबईतील लालबाग, परळ, काळाचौकी, चिंचपोकळी, वरळी इत्यादी भागांचे लोकरूढ नाव आहे. कापडगिरण्या आणि कामगारांच्या चाळी यांमुळे ते पडले. गिरण्या बंद पडल्यानंतर या वस्तीचा इतिहास कामगार व रहिवाशांच्या मुलाखती आणि सरकारी, गिरण्यांची व संघटनांची दप्तरे अशा दोन साधनांच्या आधारे जतन केला जात आहे.

पार्श्वभूमी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे कोकण व घाटावरील जिल्ह्यांतून कामगार मोठ्या संख्येने मुंबईत आले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला. त्यानंतरच्या काळात बहुतेक गिरण्या बंद झाल्या. यंत्रांबरोबर हजेरीपुस्तके व पगारपत्रके विखुरली आणि माहीतगार पिढीही ओसरू लागली.

दप्तरी साधने

मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले. कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची त्याने केलेली पाहणी १९२३ मध्ये प्रसिद्ध झाली. वेतन, भाडे व कर्ज यांची माहिती अशा पाहण्यांतून मिळते. एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात सरकारी पत्रव्यवहार जतन केलेला आहे. मात्र या नोंदी अधिकारी, पोलीस किंवा मालक यांच्या दृष्टीतून झालेल्या असतात. काम मिळेल या आशेने दारावर थांबणारा आणि तसाच परत जाणारा बदली कामगार त्यांत क्वचितच दिसतो.

मुलाखती

नीरा आडारकर व मीना मेनन यांचा ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगार, कार्यकर्ते, कलावंत व रहिवासी यांची निवेदने हा त्याचा गाभा आहे. भोंग्यावर चालणारा दिवस, पाळीनुसार एकाच खोलीत आळीपाळीने झोपणारे गाववाले, शाहिरांचे कार्यक्रम यांसारखे तपशील अशा निवेदनांतूनच कळतात. कुटुंब गावी ठेवून आलेले अनेक पुरुष स्त्रियांनी चालवलेल्या खाणावळींत महिन्याच्या उधारीवर जेवत. संपकाळात उधारी थकली की त्याचा भार या स्त्रियांवर पडे. संपाच्या सरकारी आकडेवारीत हा भार मोजला जात नाही.

पडताळणी व जतन

स्मरणात तारखा व घटनाक्रम बदलतात, म्हणून निवेदन वृत्तपत्रे, पत्रके व दप्तरे यांच्याशी ताडून पाहावे लागते. तथापि विसंगती आढळली म्हणून निवेदन निरुपयोगी ठरत नाही. इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मरण पावला. पण अनेकांनी त्याचा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात झाल्याचे सांगितले. या चुकीवरून कपातीचा घाव शहराच्या मनात किती खोल होता हे दिसते, असे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी दाखवून दिले.

मुलाखतीपूर्वी निवेदकाची संमती घेणे, दिनांक व स्थळ नोंदवणे आणि इच्छा असल्यास नाव गुप्त ठेवणे आवश्यक असते. मालवणी किंवा घाटी बोली आणि ‘साचेखाते’, ‘त्रासन’ यांसारखे गिरणीतील शब्द प्रमाणभाषेत न बदलता उतरवावेत. घरातील ओळखपत्रे, पगारचिठ्ठ्या व छायाचित्रे यांच्या प्रती काढून मूळ वस्तू कुटुंबाला परत कराव्यात. ध्वनिमुद्रणाच्या प्रती किमान दोन ठिकाणी ठेवणे हितावह असते.

महत्त्व

या नोंदींचे मोल अभ्यासापुरते मर्यादित नाही. गिरणी कामगारांच्या घरकुल योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेले कामगार व त्यांचे वारस यांना घरासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी गिरणीतील नोकरीचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो. ज्या घरात जुने तिकीट किंवा पगारचिठ्ठी उरलेली नाही, तेथे हक्क सिद्ध करणे कठीण जाते. मुलाखत हा अशा पुराव्याला पर्याय ठरत नाही. परंतु कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, कोणत्या साली काम केले हे तीतून कळल्यास कागद कोठे शोधावा याची दिशा मिळते.